सड्यासाठी टायर

मागच्या वर्षी माझी बायको टेम्पोतून परत आली.

पालीजवळ डोंगराळ वाटांवरची सायकल शर्यत होते. ज्यांची सायकल मोडते किंवा जे ठरलेल्या ठिकाणी वेळेत पोचत नाहीत, त्यांना सायकलीसकट टेम्पोत भरून परत आणतात. टेम्पोवर आयोजकांनी ‘जिद्दीला सलाम’ असा फलक लावला आहे. त्या फलकाखाली, भर आठवडी बाजारातून, मांडीवर चाक घेऊन ती आली. ती माध्यमिक शाळेत गणित शिकवते, वय पन्नाशीच्या पुढे. सोमवारी सातवीच्या वर्गात ती फळ्याकडे वळली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडाने टेम्पोचा हॉर्न वाजवला.

“मला नंबर नको,” ती यंदा म्हणाली. “त्या टेम्पोत बसायचं नाही, एवढंच.”

गेल्या वेळी दोष टायरचा होता. सड्यावर त्याची बाजू चिरली गेली. म्हणजे यंदा टायर नीट निवडायचा होता, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी सायकल चालवत नाही. वाचतो.

टायरची परीक्षणं वाचताना मला गाण्याच्या मैफलींची परीक्षणं आठवली. अमुक टायर सुरुवातीला संयत वाटतो, पण वळणावर खुलतो. तमुक टायरमध्ये आत्मविश्वास आहे, मात्र ओल्या मुळांवर तो बुजतो. लिहिणारे सगळे कुठल्याशा थंड देशातल्या जंगलात सायकल चालवत होते. त्यांच्याकडे कडक माती होती, सैल माती होती, चिखल होता, दगडगोटे होते. आमचा जांभा दगड कुणाच्या गावीही नव्हता.

तेव्हा मी सायकलवाल्यांच्या एका ग्रुपवर मराठीतच विचारलं: शर्यत मिश्र वाटांची आहे, थोडा डांबरी रस्ता, एक पाखाडी, एक पऱ्या आणि निम्म्याहून जास्त सडा, टायर कोणता घ्यावा? पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आणि पऱ्या म्हणजे ओढा, हे मी कंसात लिहिलं. सड्याला कंस लागेल असं वाटलं नाही.

पुण्याच्या एका गृहस्थांनी लगेच उत्तर दिलं. त्यांच्या नावाखाली त्यांनी पुऱ्या केलेल्या शर्यतींची यादी होती. ती संपेपर्यंत अंगठा दुखला. “सडा म्हणजे निसरडं असणार. डोळे मिटून चिखलाचे टायर घ्या, उंच दातांचे.”

आम्ही घेतले, डोळे मिटूनच. ते चढवून ती घरामागच्या सड्यावर गेली आणि तासाभरात परतली.

“अहो, गमबूट घालून पळल्यासारखं वाटतं. आणि हे बघा, पहिल्याच दिवशी दोन दात पडलेत.”

मी पुण्याला नम्रपणे कळवलं. उत्तर आलं, “आश्चर्य आहे. एक विचारू का? एवढ्या लांब रस्त्यावर सडा टाकतं कोण? आणि आदल्या रात्री टाकतात की पहाटे?”

मी ते दोनदा वाचलं, मग उजेड पडला. आमच्याकडे सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा, सपाट कातळ, जांभ्याचा, भोकाभोकांचा, कडांना धार असलेला. अंगणात शिंपडतात त्या शेणपाण्यालाही सडा म्हणतात, आणि गृहस्थांना तेवढाच ठाऊक होता. काही किलोमीटर शेणपाणी शिंपडलेला रस्ता त्यांनी मनाशी पाहिला होता, आणि तरीही आमच्या चालीरीतींचा मान राखून, काही शंका न काढता, टायर सुचवला होता. तज्ज्ञ असाच असावा.

बायको हसून हसून पायरीवर बसली. मग डोळे पुसून म्हणाली, “पुरे झाले तज्ज्ञ. कुठला टायर कसा खुलतो ते मला नको. बाजू कुणाची जाड आहे तेवढं वाचून दाखवा.”

ती उत्तरपत्रिका तपासत होती, मी वाचत होतो. चौथ्या की पाचव्या टायरला असं होतं: वजनाला जड, चढावर उत्साह नाही, एकंदरीत कंटाळवाणा, पण बाजू भक्कम, सहसा दगा देत नाही.

“हाच,” ती मान वर न करता म्हणाली.

“कंटाळवाणा आहे म्हणतायत.”

“असू दे. मला सवय आहे.”

हा टायर मागच्या चाकाला. भार तिथे येतो, आणि गेल्या वर्षी चिरलं तेही मागचंच. पुढे मात्र तिने मध्यम दातांचा, जरा चपळ टायर घेतला. पऱ्याकाठच्या ओल्या मातीत मागचं चाक घसरलं तर माणूस नुसता वळवळतो, पुढचं घसरलं तर पडतो, हा तिचा हिशेब. चिखलाचे दोन्ही टायर माळ्यावर गेले. कुणी खरोखरच रस्त्यावर सडा घातला तर उपयोगी पडतील.

नव्या टायरांत ट्यूब नव्हती. त्याऐवजी आत एक पांढरा द्रव ओततात; भोक पडलं की तो तिथे धावतो आणि घट्ट होऊन बसतो. अंगणात ते काम चाललेलं पाहून शेजारच्या काकू मधल्या दगडी गडग्यापाशी आल्या.

“काय गो, सायकलीला दूध पाजतेस?”

“दूध नाही काकू, चीक. भोक पडलं की आतून बुजवतो.”

“मग उरला तर माझ्या पडवीच्या पत्र्यावर ओत. यंदा लय गळला मेला.”

शर्यत सकाळी लवकर सुरू होणार होती. प्रमुख पाहुण्यांची सकाळ उशिरा सुरू होत असावी. ते आले, दीपप्रज्वलन झालं, वाऱ्याने ज्योती विझल्या, पुन्हा लावल्या. शाली झाल्या, श्रीफळं झाली. पाहुणे सायकल आणि राष्ट्र या विषयावर बोलले. ब्रेक आवळून उभे असलेले स्पर्धक दर टाळीला पेडलवर पाय ठेवत आणि पुन्हा काढत. झेंडा हलला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं, आणि पिंपळाखालच्या तपासणी नाक्यावर पोचायची ठरलेली वेळ मात्र होती तीच राहिली.

“छापलेली वेळ बदलता येत नाही,” बिल्ला लावलेला एक व्यवस्थापक मला म्हणाला.

“भाषणं कुठे छापलेली होती?”

“काका, तुम्ही स्पर्धक आहात का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

आयोजकांच्या जीपमधून मी पिंपळापाशी जाऊन थांबलो. शेजारीच टेम्पो उभा होता, फलक धुऊन लावलेला. आत चार तरुण आपापल्या सायकली धरून बसले होते. सगळ्यांचे टायर हलके, महाग आणि फाटलेले.

“दगड न्हाई, वस्तरा हाय बघा,” त्यांतला कोल्हापूरचा एक जण म्हणाला.

ड्रायव्हरने मला निरखलं. “गेल्या साली बाई होत्या, त्या तुमच्या ना?”

“हो.”

“यंदा पण जागा ठेवू?”

“नको,” मी म्हणालो. पण घड्याळाकडे बघूनच म्हणालो.

व्यवस्थापकाने शिट्टी हातात घेतली तेव्हा ती पाखाडीच्या माथ्यावर दिसली. उतरली, सायकल खांद्यावर घेतली आणि एकेक पायरी खाली येऊ लागली. पाखाडीचा टायर अजून कुणी काढलेला नाही. खाली येऊन पुन्हा बसली. पऱ्याच्या काठी पुढचं चाक एकदा लटपटलं, मग मातीत रुतून सावरलं, आणि ती पाणी उडवत अलीकडे आली. मागच्या टायरच्या बाजूला बोटभर पांढरा ओघळ वाळला होता. म्हणजे कातळाने यंदाही चावा घेतला होता. टायरने तो पचवला.

ती समोरून गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. टेम्पोकडे मात्र नीट, सावकाश बघितलं. ती पुढच्या वळणाआड गेल्यावर वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

मी परत निघालो, तर जीप नव्हती. पाहुण्यांना नाश्त्याला घेऊन गेली होती.

“काका, बसा की,” ड्रायव्हर म्हणाला. “जागा हाय.”

मागून आणखी कुणी येतंय का ते बघून टेम्पो तासाभराने हलला, आणि मी चार फाटक्या टायरांमध्ये, स्टेपनीवर बसून आलो. दिवस बाजाराचाच होता. शर्यत संपते त्या मैदानात पोचलो तेव्हा ती सावलीत हातात सरबताचा ग्लास घेऊन उभी होती, गळ्यात शर्यत पुरी करणाऱ्या सगळ्यांना देतात ते पदक. तिने आधी फलक बघितला, मग मला.

“तुम्ही?”

“जीप गेली.”

“म्हणजे वेळेत पोचला नाहीत.” मी उतरायला पाय खाली सोडला, तसा तिने ग्लास बाजूला ठेवून फोन काढला. “थांबा, उतरू नका. जरा डावीकडे सरका, फलक झाकला जातोय. फोटो गेल्या वर्षीच्या सातवीला दाखवायचाय.”