आक्कांचं कागद खाणारं मशीन

मला कोल्हापुरात टिकवलं ते आक्कांनी. काय झालं, कसं झालं ते पुढे सांगतोच, पण हे एवढं आधी लिहून टाकतो, नाहीतर सांगण्याच्या नादात राहून जाईल. त्यांचं खरं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही. आमच्या कारखान्यात मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणायचे.

त्यांची एक सवय होती. कुठलाही कागद हातात आला की तो कानाजवळ न्यायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि आवाज ऐकायचा. मग निकाल. "ह्यो आळशी हाय. ढकलल्याबिगर जायचा न्हाई." किंवा, "ह्ये दोघं नवीन लगीन झाल्यागत चिकटल्यात. ह्यास्नी सोडवायला कायतरी केलं पायजे." लाइटबिल असो, लग्नपत्रिका असो, सगळ्याला हाच न्याय. एकदा एका गिऱ्हाइकाचं कौतुकाचं पत्र आलं. मालकांनी ते हौसेनं आक्कांच्या हातात दिलं, तर त्यांनी वाचायच्या आधी कानाला लावलं.

मालक म्हणाले, "आवो आक्का, आत काय लिवलंय ते तरी बगा!"

"बगतो की. पण कागद झ्याक हाय."

कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी बघतो' असं बोलतात. मला भंडाऱ्याकडच्या माणसाला त्याची सवय व्हायला बरेच दिवस लागले.

आता मी तिथे कसा पोहोचलो ते. मी सातवीनंतर शाळा सोडली. गावाकडे काम नव्हतं. गोंदियाहून एक गाडी निघते ती थेट कोल्हापूरला येऊन थांबते. कुठे उतरायचं हे ठरवायची मला भीती वाटत होती, म्हणून जिथे गाडीच थांबते तिथे उतरलो. आधी एका फाउंड्रीत होतो, तिथलं काम कमी झालं तशी बाहेरची माणसं आधी काढली. तोवर मी चांगला पंचविशी ओलांडलेला बाप्या होतो, पण मनातून सारखा घाबरलेला. मग उद्यमनगरातल्या एका लांबट शेडमध्ये फिटरच्या हाताखाली लागलो. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "नवं मशीन चाललं तर तू ऱ्हाणार. न्हाई चाललं तर तुला ठिवून मी काय करू?" म्हणून मी माझी पिशवी कधी पूर्ण उघडलीच नाही. धुतलेले कपडेसुद्धा परत तिच्यातच भरून ठेवायचो.

आक्कांच्या ते लक्षात आलं होतं. सकाळी हुपरीच्या एस.टी.तून उतरून आल्या की पहिली हाक, "काय पावणं, आज हाईसा का गेलासा?"

"आहे जी अजून. पण मले वापस जा लागंल असं वाटते."

"गोंदियाची गाडी रोज सुटती. तिला काय घाई न्हाई. तू पाना घे हातात."

नवं मशीन म्हणजे ऑफिसातले जुने कागद फाडायचं, श्रेडर. त्याची गरज कशी पडली ते ऐकण्यासारखं आहे. दोन हजार साल उलटून थोडंच झालं होतं. शहरातल्या एका छोट्या सहकारी बँकेत कॉम्प्युटर आले आणि जुने कागद रद्दीत निघाले. एका रविवारी त्या बँकेचे चेअरमनसाहेब रंकाळ्यावर भेळ खात होते. भेळ संपली, खालचा कागद दिसला, तर तो एका शेजाऱ्याचा कर्जाचा अर्ज, आणि त्यावर 'नामंजूर' लिहून खाली साहेबांचीच सही. शेजारी पलीकडच्या बाकावर भेळच खात बसलेला. साहेबांनी म्हणे तो कागद तिखटासकट खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मालकांकडे आले.

मालकांनी नमुन्याला मुंबईहून एक परदेशी मशीन आणलं. कोऱ्या पांढऱ्या कागदावर ते छान चालायचं. आपल्या ऑफिसातला गठ्ठा ठेवला की पहिल्याच घासाला अडायचं. आपले कागद कसे असतात तुम्हाला माहीत आहे. कोपऱ्यात टाचणी, भोकात दोरी, कुठे डिंकाचा डाग, कुठे चार घड्या, आणि पावसाळ्यात सगळेच सर्द. आक्का म्हणाल्या, "ह्ये मशीन चांगल्या घरचं हाय. आपल्यात नांदायचं न्हाई. आपलं आपुन करू."

आक्का इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेल्या, ड्रॉइंग त्यांचंच. त्यांना असं मशीन करायचं होतं की माणसानं गठ्ठा ठेवावा, झाकण लावावं आणि आपल्या कामाला जावं. एकेक कागद भरवत उभं राहायची गरज नको. वर झाकण, झाकणाला आतून स्प्रिंगची दाबपट्टी. गठ्ठ्याच्या खाली दोन रबरी रोलर. रोलरनी गठ्ठ्यातले सगळ्यात खालचे मोजके कागद ओढायचे, मधल्या फटीत सोडायचे, आणि फटीखाली दातेरी पात्यांनी त्यांचा चुरा करायचा. ऐकायला सोपं आहे. पण दाब जास्त झाला की अर्धा गठ्ठा एकदम आत शिरून मशीन गच्च बसायचं. दाब कमी झाला की रोलर नुसतेच गरगर फिरायचे. सगळा खेळ त्या रबराच्या पकडीचा.

त्यासाठी आम्ही किती रबर बदलले! गुळगुळीत, खाचांचं, मऊ, कडक. आक्का रोलरवर पदराचं टोक ठेवून हळूच ओढायच्या. त्यांचे वडील हुपरीत पैंजण घडवणाऱ्यांकडे कामाला होते. पैंजणाची कडी लुगड्यात अडकता कामा नये, म्हणून ते प्रत्येक पैंजण कापडावरून फिरवून बघायचे. "आबा अडकू नये म्हणून बगायचं, मी अडकावं म्हणून बगतो," आक्का म्हणायच्या. जेवणाच्या सुट्टीत भाकरी-खर्डा माझ्यापुढे सरकवून त्या ड्रॉइंग उलगडायच्या. हे वरून बघितलेलं, हे बाजूनं, हे कापून बघितलेलं. मला कळलं नाही तर चिडायच्या नाहीत, पुढ्यातला कांदा उभा कापून दाखवायच्या. "आता आडवा काप. दिसलं? हां, त्येच हे."

शेवटी मशीन नीट चाललं. शेडमध्ये आम्ही त्याला सर्द कागद घातले, टाचणीचे घातले, चुरगळलेले वडापावचे सुद्धा घातले. सगळं खाल्लं. रोलर मीच बसवले होते. मालक खूश झाले आणि बँकेत चाचणीचा दिवस ठरला.

त्या दिवशी बँकेत सगळा स्टाफ जमला. चेअरमनसाहेब आले, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी आल्या. वहिनीसाहेब पूजेचं ताट घेऊनच आल्या होत्या. आपल्याकडे नव्या मशीनची पूजा केल्याशिवाय बटण कोण दाबणार? तुम्हीही दाबणार नाही. वहिनीसाहेबांनी नमस्कार केला, झाकण उघडलं आणि थबकल्या. हळदकुंकू लावायचं कुठे? आत दोन काळे रोलर चकचकत होते. यंत्राचं तोंड तेच, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू दोन्ही रोलरना चांगलं सढळ हातानं ओढलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला आणि त्याचं पाणीही शिंपडलं. मी आक्कांकडे पाहिलं. आक्का एक पाऊल पुढे झाल्या आणि तिथेच थांबल्या.

मग गठ्ठा ठेवला. झाकण लावलं. साहेबांनी बटण दाबलं. मोटर घुमली, रोलर फिरले, आणि कागद जागचा हलला नाही. परत बंद, परत चालू. पुन्हा तेच. मागून कुणीतरी म्हणालं, "उपवास हाय वाटतं आज मशीनचा." सगळे हसले.

मालकांच्या कपाळाला घाम आला. ते माझ्याकडे वळले. "रोलर कुणी बसवलं? ह्या भंडाऱ्याच्या पावण्यानं! तरी मी म्हणत हुतो, नवख्या माणसाच्या हातात काम देऊ नगा."

मला तर स्टेशनच दिसायला लागलं.

आक्कांनी झाकण उघडलं, रोलरवर बोट फिरवलं. बोट लाल झालं. ते मला दिसलं, दुसऱ्या कुणाला दिसलं नसावं, कारण त्यांनी लगेच ते पदराला पुसलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्याची काय चूक न्हाई. ह्यानं ड्रॉइंगबरहुकूम बसवलंय. माझं डिझाइन चुकलं. पंधरा दिवस द्या, दुरुस्त करून आणतो."

साहेबांनी मुदत दिली. मालक परतीच्या टेम्पोत आक्कांना जे बोलले ते मी लिहीत नाही. आक्का रस्त्याकडे बघत बसल्या होत्या.

शेडवर आल्यावर मी त्यांना विचारलं, "आक्का, डिझाइन तर बरोबर होतं. कुंकवानं रोलर सटकला. तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणी सांगायचं? मी?" त्या हसल्या. "आम्ही बौद्ध, ठावं हाय की सगळ्यास्नी. मी त्वांड उघडलं असतं तर 'हिनं पूजेला नावं ठेवली' म्हणून पेठंत बोभाटा झाला असता. मशीन ऱ्हायलं असतं बाजूला. आन् त्या बाईनं मनापासून केलतं रं. तिला चारचौघांत कशाला खाली बगायला लावायचं?"

"मग चूक तुमच्या डोक्यावर कशाले?"

"थोडी हायच की माझी. हितं मशीन आलं की पूजा व्हणार, ह्ये मला ठावं नव्हतं व्हय? टाचणीचा इचार केला, दोरीचा केला, कुंकवाचा न्हाई केला."

आणि त्या ड्रॉइंगला बसल्या. रोलरवर एक सरकती पत्र्याची झडप आली. झाकण उघडलं की झडप मिटते, रोलर झाकले जातात. झाकण बसलं की झडप मागे सरकते आणि कागद रोलरवर टेकतो. यात आणखी एक फायदा निघाला. झाकण उघडं असताना कुणाचं बोटसुद्धा रोलरला लागणार नाही. झडप झाल्यावर त्यांनी मशीनच्या पुढच्या अंगाला, बरोबर मधोमध, एक पितळी पट्टी लावायला सांगितली. मी विचारलं, ही कशासाठी? "बसीव तू," म्हणाल्या.

दुसऱ्या चाचणीला वहिनीसाहेब परत ताट घेऊन आल्या. आक्कांनी स्वतः ताट हातात धरलं. "वैनी, हितं लावा. हितं लावलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल." पितळेवर कुंकू खुलून दिसलं. वहिनीसाहेब खूश झाल्या. गठ्ठा ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. कागद सरसर खाली जायला लागले. सगळा स्टाफ मशीनभोवती गोळा. आक्काच शेवटी वैतागल्या, "आवो, ह्याच्यापाशी माणूस हुभं ऱ्हायला लागू नये म्हणून केलंय ह्ये! चा प्यायला जावा की सगळी!" कुणी हललं नाही. गठ्ठा संपून मशीन आपोआप बंद झालं तेव्हा साहेबांनी टाळी वाजवली.

बँकेनं मशीन घेतलं, मग आणखी ऑफिसांनी घेतली. मला मालकांनी कायम केलं. त्या संध्याकाळी मी पिशवी रिकामी केली, कपडे खुंटीला लावले.

पण माणसांच्या लक्षात दुसरी चाचणी राहिली नाही. राहिली ती पहिली. कारखाना वाढला तसं डिझाइन खातं निघालं, त्याचा मुख्य बाहेरून आणला. आक्कांना पॅकिंगच्या तपासणीवर बसवलं. कारण विचारलं की मालक सांगायचे, "हुशार हाय बाई, पण त्या बँकेत इज्जत गेलती आमची. तिनंच कबूल केलतं की." मी एकदा मालकांना खरं सांगायला निघालो, तर आक्कांनी दारात अडवलं. "वैनी अजून बँकंत येत्यात. त्यांच्या कानावर गेलं तर? गप काम कर."

पुढे दोनएक वर्षांनी त्यांच्या नवऱ्याची बदली लातूरकडे झाली आणि त्या गेल्या. शेवटच्या दिवशी कुणी हार आणला नाही, भाषण झालं नाही. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी आली होती, सहावी-सातवीतली. आई पेन्सिली आवरत होती तेव्हा तिनं पॅकिंगवाल्यांचं बोलणं ऐकलं. तिनं मला विचारलं, "काका, आईचं मशीन चाललंच न्हवतं का?" मी उत्तर द्यायच्या आत आक्कांनी तिचा हात धरला. "चल, गाडी चुकंल." फाटकापाशी त्या वळल्या नाहीत. मुलगी वळली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आता मी त्याच मशीनची दुरुस्ती करत फिरतो. नवीन लागलेली पोरं मला मिस्त्री म्हणतात. वहिनीसाहेब मागच्या पावसाळ्यात वारल्या, त्यामुळे आता कुणाला खाली बघावं लागणार नाही. आक्कांचा पत्ता मी मिळवला आहे. त्यांची मुलगी आता शिकून मोठी झाली असेल. लातूरला जायचं, तिला समोर बसवायचं आणि त्या दिवशी बँकेत काय झालं, तिच्या आईनं कुणासाठी काय अंगावर घेतलं, ते पहिल्यापासून सांगायचं. आक्का आतून ओरडतील, "गप रं." मी गप बसणार नाही. माझ्याकडून त्यांची परतफेड होईल ती एवढीच, आणि ती मी करणार आहे.