जांभळा टॉर्च आणि माझे पुढचे दोन दात

आता हसणार न्हाई असं म्हणा, तरच सांगतो. हसालच म्हणा! मुलगी बघायला गेल्तो आणि स्वतःचीच तपासणी करून आलो.

माझं मंठ्यात दुकान आहे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना रेडियमचे स्टिकर लावून देतो. जालन्याचं स्थळ आलं. मुलगी, वैशाली, फॉस्फरवर संशोधन करते. फॉस्फर म्हणजे उजेड देणारे पदार्थ. फोटो बघूनच मी पाघळलो! अडचण एकच. ट्रॉलीवरून पडल्यापासून माझे पुढचे दोन दात नकली.

तिच्या घरी जाताना सोबतचे मामा म्हणाले, "दाताचं बिलकुल बोलू नको. बराबर दिसून राह्यलेत."

पोहे आले. मी ऐटीत म्हणालो, "आमची बी लाइन तीच की. रेडियम!"

"त्यात रेडियम नसतं," वैशाली म्हणाली. "ते स्टिकर गाडीचाच उजेड परत पाठवतात. खरा फॉस्फर दाखवू?"

न्हाई कोण म्हणणार? तिनं खिडक्या लावल्या, लाइट घालवली आणि जांभळा टॉर्च माझ्यावर धरला. अहो, माझा पांढरा शर्ट निळा पेटला!

"धुण्याच्या पावडरीत असले पदार्थ असतात," ती म्हणाली.

मी इतका खूश झालो, की तोंडभर हसलो. सगळे माझ्या तोंडाकडंच बघायला लागले.

"पाव्हणे," तिचे वडील म्हणाले, "तुमचे पुढचे दात कुठं गेले?"

"खरे दात या उजेडात चमकतात, बाबा," वैशाली हळूच म्हणाली. "नकली काळे दिसतात."

झालं! जुळत आलेलं लग्न गेलं! आता हा टॉर्च आणखी काय काय काढणार? मी डोळे गच्च मिटले आणि सुटलोच.

"केस माझेच हायेत, फक्त काळे केलेत! बारावीला इंग्रजीत नापास झाल्तो! बूट मामाचे हायेत!"

मामांनी जोरात चिमटा काढला.

"चिमटा काय काढता मामा, दिसतंय सगळं!"

डोळे उघडले, तर लाइट कधीच लागलेली. टॉर्च बंद करून वैशाली पदरात तोंड लपवून हसत होती.

परतताना मामा वाटभर मला शिव्या घालत होते. मला तर रडूच येत होतं. आणि दुसऱ्या दिवशी होकार आला! मी तिला फोन करून विचारलं, "अहो, पण का?"

"तुम्हाला काहीच लपवता येत नाही, म्हणून," ती म्हणाली. "फक्त लग्नात बूट स्वतःचे घाला."