जुन्या निबंधसंग्रहाशी भांडणारे विश्वनाथराव

श्री. विश्वनाथराव अजिंक्य यांचा नि माझा प्रथम परिचय एकाच पुस्तकावर दोघांचे हात पडल्यामुळे झाला. ठाकूरद्वाराच्या नाक्यावर जुनी पुस्तके विकणाऱ्याकडे भाषा व कला यांवरील तात्त्विक निबंधांचा एक इंग्रजी संग्रह आला होता. पुठ्ठा गेलेला, कडा कसरीने खाल्लेल्या. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. ते गिरगावातल्या शाळेत शिकवीत. "पुस्तक तुम्हीच घ्या," ते म्हणाले, "पण शनिवारी माझ्या घरी घेऊन या. दोघे मिळून वाचू."

त्या शनिवारांनी मला घडविले. विश्वनाथराव एक वाक्य वाचीत, त्याचे मराठी करीत, आणि लगेच उठून येरझाऱ्या घालू लागत. "इंग्रजीत हे खरे वाटते. मराठीत का लटपटते?" असे विचारीत. प्लेगच्या साथीच्या वर्षी आम्ही घर सोडून शीवकडे झोपडीत राहिलो. माणसे माणसांना टाळीत असता विश्वनाथराव तेथे आले, माझ्या आईची विचारपूस केली, तिच्यासाठी आणलेली डाळिंबे दारात ठेवली आणि उभ्यानेच एका परिच्छेदावर माझ्याशी वाद घालून गेले.

शब्दावाचून विचार नाही आणि कला हा विचाराचा केवळ दागिना, हे त्या संग्रहाचे मुख्य मत. विश्वनाथरावांना ते पटले होते. त्याच आधारावर त्यांनी गिरगावात व्याख्याने आरंभिली. पहिल्या दोहोंना दिवाणखाना भरला. एका शेटजींनी ती स्वखर्चाने छापण्याचे कबूल केले.

तिसऱ्या व्याख्यानाच्या आधी त्यांच्या पत्नी सौ. उमाबाई यांना अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. विश्वनाथरावांना घरात एका जागी बसवेना. पेज भरवायला बसत, उठत, पुन्हा बसत.

दिवाळीत मी भेटीस गेलो. सूनबाईंनी अंगणात कमळाची रांगोळी घातली होती. उमाबाईंनी खूण करून स्वतःस बाहेर आणविले, डाव्या हाताने एक पाकळी पुसली आणि थरथरत दुसरी काढू लागल्या.

"आई, राहू द्या ना, दमाल," सूनबाई म्हणाल्या.

उमाबाईंनी त्यांचा हात बाजूला सारला. पाकळीकडे बराच वेळ पाहिले. तीही पुसली. पुन्हा काढली.

विश्वनाथराव माझ्याकडे वळले. "ही आत्ता काय करते आहे?"

"रांगोळी घालताहेत."

"विचार करते आहे! कोणत्या शब्दांत?"

"पण तिसरे व्याख्यान परवा आहे," मी म्हणालो.

व्याख्यानास ते उभे राहिले, पण हातातले कागद उलगडले नाहीत. "गेल्या दोन वेळी मी जे सांगितले, ते मी वाचलेले होते, पाहिलेले नव्हते," ते म्हणाले. "ते मी परत घेतो. त्याच्या जागी काय ठेवावे, हे मला अद्याप ठाऊक नाही." आणि घरी घडलेले त्यांनी जसेच्या तसे सांगितले.

मागून हशा उठला. शेटजी तडक त्यांच्यापाशी आले. "मास्तर, मग मी छापू काय?"

"काही नको," विश्वनाथराव म्हणाले.

एका वर्तमानपत्राने पुढे आठवडाभर टवाळी केली. विश्वनाथरावांनी उत्तर दिले नाही. पण त्या सभेतली काही तरुण मंडळी दुसऱ्या शनिवारी त्यांच्या दारात उभी राहिली, आणि आज त्यांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ काढण्याचा खटाटोप त्याच मंडळींचा आहे.

उमाबाईंना आता थोडे शब्द परत आले आहेत. गेल्या महिन्यात मी गेलो, तेव्हा विश्वनाथराव गॅलरीत येरझाऱ्या घालीत होते. त्या अडखळत म्हणाल्या, "अहो... बसा की." ते बसले, आणि घटकाभराने पुन्हा उठले. त्या हसल्या.

विश्वनाथरावांनी साठी पूर्ण केली. अशा प्रसंगी थोरांना विश्रांती चिंतण्याची रीत आहे; माझ्याने ती चिंतवत नाही. त्यांचे डोळे व पाय शाबूत राहोत, त्यांना पुष्कळ वर्षे लाभोत, आणि "बसा की" म्हणणारे माणूस त्यांच्या घरी तितकीच वर्षे असो.