उजव्या बाजूचं ठिगळ

आमचा भाऊ कवळ्या करतो. दिवसभर लोकांचे दात आणि संध्याकाळी जहाजं. समुद्रातली नव्हेत, आकाशातली. टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेली एक अंतराळाची मालिका आहे. तिच्यातल्या यानांची हातभर लांबीची मॉडेलं एक कंपनी काढते, शौकीन मंडळी ती काचेच्या कपाटात मांडतात, आणि कुठलं मॉडेल घेण्याजोगं आहे हे त्यांना आमचे बंधुराज स्वतःच्या चॅनलवर सांगतात. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी हजारो माणसं हा काय बोलतो याकडे डोळे लावून बसतात. मी त्याची थोरली बहीण, आणि कॅमेरा धरायचं काम माझ्याकडे. बाकी कुणी धरला की हलतो म्हणे.

तोंडाचा फटकळ, ते आधीच सांगून ठेवते. चुलतभावाच्या नव्या घरी पहिल्यांदा गेला आणि दाराची चौकट ओळंब्यात नाही असं चारचौघांत सांगून आला. तेव्हापासून चुलतभाऊ आमच्याशी कामापुरतं बोलतो. पण कॅमेऱ्यासमोर हाच फटकळपणा लोकांना आवडतो. खोकं तो सगळ्यांच्या देखत, लाइव्ह चालू असतानाच फोडतो. आधी उघडून बघणं नाही, झाकपाक नाही. मग जहाज हातात घेऊन त्याच्या अंगावरून अंगठा फिरवत जातो, दाढ घासून गुळगुळीत झाली की नाही बघावी तसा. सगळं बोलून झालं की शेवटी स्टँड उलटा करतो. तिथे आराखडा कुणाचा ते नाव कोरलेलं असतं. ते मोठ्याने वाचायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. नाव आधी का वाचत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. "ओळखीचं निघालं तर जीभ अडखळते, ताई," म्हणाला.

त्याची मुलगी, आमची ठकी, त्याच कंपनीत नोकरीला आहे. खोक्यांवरची चित्रं काढते, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. हासुद्धा दर वेळी कॅमेऱ्यात बघून हसायचा, "खोक्याबद्दल मी काही बोलणार नाही बुवा, मला घरी जेवायचं असतं."

त्या दिवशी ठकी दुपारीच आली. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. भावजय तिच्या कामावर, भाऊ आतल्या खोलीत दिवा आणि काळं कापड लावण्यात गुंतलेला. पोरीचा चेहरा पार उतरलेला.

"आत्या, आज बाबा जे जहाज उघडणार आहेत ना, ते माझं आहे."

"तुझं म्हणजे? खोकं?"

"खोकं नाही गं. जहाज. सगळा आराखडा माझा."

मी फडकं खाली ठेवलं. दोन वर्षं ही बया हे काम करत होती आणि कुणाला पत्ता नाही. तिचं पहिलंच जहाज, 'शुश्रूषा' नावाचं, जखमींना घेऊन जाणारं इस्पितळाचं यान. बापाचं लाडकं. मालिकेत ते नष्ट होतं तेव्हा हा दोन दिवस नीट जेवला नव्हता. मी म्हटलं, अगं मग आनंदाने नाच की. तर ती मटकन खुर्चीवर बसली.

झालं होतं असं. मालिकेत या जहाजाला डाव्या बाजूला गोळा लागतो आणि तिथे वेगळ्याच रंगाचा पत्रा ठोकून ठिगळ लावतात. हे ठिगळ नीट दिसतं ते एकाच प्रसंगात, आणि तिथेही समोरच्या यानाच्या काचेत पडलेल्या प्रतिबिंबात. ठकीने ते चित्र थांबवून, मोठं करून, खिळा न् खिळा मोजून घेतला. काचेत डावं ते उजवं दिसतं हे मात्र राहून गेलं. ठिगळ उजवीकडे बसलं. कंपनीत कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही लक्षात आलं ते गेल्या आठवड्यात, जुना भाग सहज बघताना. तोवर खोकी दुकानांत पोचली होती.

"साहेब म्हणालेत, बाबांचं परीक्षण बघून ठरवू," ती म्हणाली. "पुढचं जहाज मला द्यायचं, का परत खोक्यांवर बसवायचं."

"मग ऊठ आणि आत्ताच्या आत्ता सांग त्याला. बाप आहे तुझा, खाणार आहे का?"

"सांगितलं तर चांगलं म्हणतील."

"मग चांगलंच झालं की!"

"आत्या, ते खरंच चांगलं आहे की नाही, हे मग मला कधी कळणार? बाकीचे काय, फुकट खोकं मिळालं की छान छान म्हणतात. बाबा तसे नाहीत. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय, मी कोण आहे हे माहीत नसताना. तुला माझी शपथ आहे, काही बोलायचं नाही."

आता शपथच घातली म्हटल्यावर काय करणार? माझे हात तिथेच बांधले गेले. राग आला तिचा. एवढ्या मोठ्या पोरीला इतकी साधी गोष्ट कळू नये, आणि कळल्यावर माझ्या गळ्यात बांधावी? तरी उठून तिला पाणी दिलं.

संध्याकाळी लाइव्ह सुरू झालं. ठकी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. दार किंचित उघडं, मला तिच्या ओढणीचं टोक दिसत होतं. कॅमेऱ्यामागे मी.

भावाने खोकं फोडलं, जहाज काढलं, दिव्याखाली धरलं. रंग बघितला, खिडक्या बघितल्या. "बरं आहे," म्हणाला. मग पोटाखालचा उतरता दरवाजा उघडला आणि अंगठा थांबला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे बघा," तो हळू आवाजात म्हणाला. "या उंबऱ्याला दोन बारीक चाकोऱ्या पडल्यात. हे मालिकेत कुठेही दाखवलेलं नाही. पण जखमींच्या गाड्या रोज इथून आत गेल्या असतील, तर उंबरा झिजणारच. ज्याने हे केलं ना, तो या जहाजात राहून आलाय. इतक्या वर्षांत असा उंबरा मी पाहिला नाही."

ओढणीचं टोक आत ओढलं गेलं. मला वाटलं, पुरे, आता इथेच वीज जावी. पण अंगठा निघाला उजव्या बाजूला. मी कॅमेरा गुपचूप जहाजाच्या नाकावर नेला.

"ताई, इकडे."

"नाक बघतायत लोक."

"नाक कुठे पळून चाललंय? इकडे घे."

घेतला, काय करते. अंगठा ठिगळावर आला, पुढे गेला, परत आला. त्याने जहाज फिरवून डावी बाजू बघितली. तिथे सगळं कोरं करकरीत. मग त्याचा चेहरा बदलला. हा चेहरा मी ओळखते. चुलतभावाच्या दारात झाला होता तोच.

"ठिगळ उजवीकडे," तो म्हणाला. "गोळा लागला डावीकडे आणि ठिगळ उजवीकडे! काचेतलं प्रतिबिंब बघून केलंय, दुसरं काही नाही. आमच्याकडे डावीची दाढ उजवीकडे बसवली तर माणूस उपाशी राहील. आणि मला राग कशाचा येतो सांगू? नवशिक्याने केलं असतं तर हसून सोडलं असतं. पण हा जाणता आहे. इतका जीव ओतायचा आणि एकदा उलटून खात्री करायची नाही? अशा हातांनी असा निष्काळजीपणा केलेला मला सहन होत नाही."

खाली कॉमेंटांचा पाऊस पडत होता. लोक खूश. माझं मात्र लक्ष त्याच्या हातांकडे, कारण त्याने स्टँड उचलला होता.

तो नाव वाचायला लागला. "आराखडा..." म्हणाला आणि पोरीचं नाव तोंडातून अर्धंच बाहेर पडलं. पुढे मधलं नाव त्याचं स्वतःचं होतं. तो तसाच बघत राहिला.

"ताई," त्याने मान वर न करता विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी कॅमेरा तसाच धरून ठेवला. हजारो लोक ऐकत होते.

"तसं बघायला गेलं तर," तो घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे... मालिकेतही जरा गोंधळच आहे. एका भागात डावीकडे, एखाद्या भागात उजवीकडेही असेल. त्यांचाच घोळ. लोकांनी एवढं मनावर घेऊ नये. किरकोळ आहे."

माझा भाऊ जन्मात कधी असा चाचरला नव्हता. त्याची मला लाज वाटली, आणि दयाही आली. माझं बोट बंद करायच्या बटणावर गेलं. तेवढ्यात ठकी दारातून आली आणि सरळ दिव्याच्या उजेडात येऊन उभी राहिली.

"बाबा, घोळ त्यांचा नाही. चूक माझी आहे. प्रतिबिंब बघूनच केलं."

"अगं, पण मी काय म्हणतो..."

"तुम्ही चूक मागे घेतलीत तर मघाचा उंबराही मागे जाईल. मला तो उंबरा हवाय, बाबा."

त्याने स्टँड खाली ठेवला. मी बोट बटणावरून काढलं.

"दहापैकी सात देणार होतो," तो अखेर म्हणाला.

"मग द्या."

"तुझ्या नोकरीचं काय?"

"ते मी बघेन. तुम्ही द्या."

"सात," तो म्हणाला आणि आवाज फाटला. मग कपाळाला आठी घालून त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात."

"साहेबांना सांगितलंस?"

ठकीने मान खाली घातली. "नाही."

"मग सहा."

मला वाटलं, उठून याच्या टकलावर टपली मारावी. पोरीचे डोळे भरले होते. पण ती रागावली नाही. ओढणीने नाक पुसलं, बापाच्या शेजारचं स्टूल ओढलं, बसली, आणि थेट माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यात बघितलं.

"साहेब, बघत असाल तर," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "ठिगळ डावीकडे हवं होतं. मला आठवड्यापूर्वी कळलं आणि मी भीतीने गप्प बसले. ज्यांनी जहाज घेतलंय त्यांनाही हे आपण सांगायला हवं."

एवढं बोलून ती थांबली आणि तिने बापाकडे बघितलं. तो ढसाढसा रडत होता, लाइव्हमध्ये, सगळ्यांच्या देखत. माझंही काही वेगळं नव्हतं, फक्त कॅमेरा हलू दिला नाही. त्याने जहाज उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि डोळे न पुसताच म्हणाला, "आता सात."