तोफखान्यात ‘रिपीट’ म्हणत नाहीत

शहाण्णव साली आमची तोफांची बॅटरी नाशिकजवळच्या फायरिंग रेंजवर होती. मी निफाडचा, तोफांजवळचा रेडिओ ऑपरेटर. पाचला पीटी, सातला तोफा पोझिशनवर. आमचे सुभेदार गावित पेठचे. त्यांचे वडील पन्नासच्या दशकात भारताच्या मेडिकल तुकडीबरोबर कोरियात होते. तिथून त्यांनी तिथल्या एका जुन्या सेनापतीची हकीकत आणली. साहेब ती चहाच्या वेळी सांगायचे. त्याचं नाव आमच्या कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. सोनं दगडासारखं मानायचं, ही बापाची शिकवण त्याने जन्मभर पाळली. समुद्री चाचे हाणले, म्हातारपणीही राजासाठी लढला. शेवटी त्याच्याच हाताखालचा सरदार अर्ध्या वाटेवरून फौज घेऊन उलटला. राजधानी घेतली, म्हाताऱ्याचं मुंडकं उडवलं.

“आणि राजाने काय केलं, साहेब?” मी विचारलं.

“रडला.”

तोफखान्यात ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा. हे रंगरुटालाही ठाऊक असतं.

त्या दिवशी पहिल्या माऱ्यानंतर टेलिफोनची तार तुटली. लान्स नायक भोये ती जोडायला टार्गेटच्या बाजूला गेला. पुढच्या टेकडीवरून मारा बघणाऱ्या कॅप्टननेच त्याला सोडलं. आम्हाला कळवलं नाही. दहा चाळीसला मी रेडिओ सेटवर कॅप्टनला बोललो, “गन रेडी. ओव्हर.”

खरखर. मग कॅप्टनचा आवाज, “रिपीट!”

“रिपीट!” मी ओरडलो. गावित साहेबांनी हात खाली केला. गोळा सुटला.

भोये जागीच गेला. लय हसरा माणूस होता.

चौकशीत कॅप्टन सरळ म्हणाला, “मी से अगेन म्हटलं होतं.” म्हणजे ऐकण्यात चूक माझी. माझी मान अडकली. तेवढ्यात गावित साहेब सावधानमध्ये उभे राहिले.

“खात्री न करता फायर मी दिला, सर. चूक माझी.”

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “साहेब, तो खोटं बोलतोय. रिपीटच म्हणाला होता.”

“पलटणीचा अफसर आहे. तू गप चौकशीच्या कागदावर सही कर.”

च्यायला, मी केली. नोकरीची भीती होती, दुसरं काही नाही. साहेबांना वेळेआधी घरी पाठवलं. कॅप्टनचा मेजर झाला.

दोन हजार चारमध्ये साहेब काविळीने गेले. मी पेठला त्यांच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या.

“भाऊ, खरं सांगा. त्यांची चूक व्हती का?”

“नव्हती, वहिनी. त्यांनी मला वाचवलं.”

“मंग आठ वरसं कुठं व्हता तुम्ही?”

भोयेचं नाव युनिटच्या फलकावर आहे. गावित साहेबांचं नाव चौकशीच्या कागदावर आहे, दोषी म्हणून. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.