सगुणाबाईंची चुकलेली मोजणी

मिरकरवाडा बंदराच्या मागे, खडपाकडे, म्हणजे समुद्राकाठच्या खडकांकडे, उतरणाऱ्या पायवाटेला लागून भिकाजीची चाळ होती. अकरा खोल्या, चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे. मच्छीमार बोटींवर कामाला नेपाळातून आलेले खलाशी आणि त्यांतल्या काहींच्या बायका तिथे भाड्याने राहत. एकेका खोलीत आठ-दहा माणसे; संडास मात्र एकही नाही. बायका उजाडायच्या आत खडपावर जात, नाहीतर दिवसभर कळ काढत.

सगुणाबाई त्याच वाडीतल्या अंगणवाडीच्या बाई. बावीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात खाडाखोड नव्हती. मुलाचे वजन असो की पोलिओचा डोस, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या आकडा लिहीत नसत. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

शिमग्याच्या सुमारास चाळीतली धनमाया पहाटे खडपावरच्या शेवाळावरून घसरली नि तिचा पाय मोडला. तेव्हापासून बाईंनी संडासासाठी नगरपालिका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. दोन हजार दोन सालच्या जुलैत कचेरीने चाळीतली माणसे मोजायला सांगितली, तीही बाईंनाच. छत्री घेऊन त्या अकराही खोल्या फिरल्या, आकडा लिहिला, सही केली. चौदा.

ऑगस्टच्या सुरुवातीला कचेरीतला कारकून काशीराम म्हणाला, "वहिनी, मंजूर झालं हो. एक संडास."

"एक? अख्ख्या चाळीला?"

"चौदा माणसांना काय राजवाडा बांधून देऊ? आकडा तुमचाच. त्याच्यावर बोट कोण ठेवणार?"

तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. खलाशी गावी जातात ते नारळी पौर्णिमेच्या तोंडावर परततात. हे लहानपणापासून बघत आलेल्या बाई कुलपे लागलेल्या खोल्यांपुढून गेल्या होत्या, आणि दिसले तेवढेच लिहून आल्या होत्या.

"पुन्हा मोजते."

"तसं होत नाही. आपली मोजणी चुकली असं लिहून द्यावं लागेल. ते तुमच्या फायलीत लागेल. आणि यंदा मुख्य सेविकांच्या बढतीची यादी निघायचीय, तुमचं नाव त्यात आहे म्हणतात. बघा बाबा."

बाई चाळीत गेल्या. धनमाया लंगडत बाहेर आली, हसली. "एक मिळाला ना, बाई? आम्हाला एक बस आहे."

"बस कसला गो! तुझे सगळे खलाशी आले की रांगेतच म्हातारी होशील."

घरी येऊन त्यांनी कागद घेतला. दोन ओळी लिहायला दुपार गेली. 'खलाशी गावी गेलेले असताना मी माणसे मोजली. माझी मोजणी चुकली.'

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहीपर्यंत एकही बोट पाण्यात जात नाही. त्या सकाळी सगळे खलाशी जमिनीवर होते. सुट्टी असूनही काशीराम आला, आणि दोघांनी मिळून मोजले.

"वहिनी, ही माणसं एका जागी उभी राहतील तर शपथ!" तो घाम पुसत म्हणाला. सत्त्याण्णव भरली.

दिवाळीपर्यंत चार संडास उभे राहिले, त्यांतले दोन फक्त बायकांचे. त्याच आठवड्यात यादी निघाली. बाईंचे नाव नव्हते.

"वाईट वाटलं?" काशीरामने विचारले.

"वाटलं तर. खोटं कशाला बोलू?" बाई म्हणाल्या, आणि बायकांच्या दारांना आतून कड्या नीट लागतात का ते बघायला चाळीकडे गेल्या.