साक्षीदार बशी

बशीकाकांच्या गल्लीत निम्म्या लोकांची अजून अशी समजूत होती की काका क्रोकरीच्या धंद्यात आहेत. काकांनी ती दोन-तीनदा खोडून काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मी जंतूंना जेवायला घालतो" असं सांगितलं की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकतो. त्यापेक्षा क्रोकरी बरी.

पण काम खरोखर तेच होतं. जीवशास्त्राच्या एका प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर, 'मीडिया रूम' अशी पाटी असलेल्या खोलीत, काका गेली एकतीस वर्षं जंतूंचं खाद्य शिजवत होते. पावडर पाण्यात कालवायची, मोठ्या काचेच्या चंबूत भरायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरच्या थोरल्या भावात, वाफवून निर्जंतुक करायची. मग ती निववून झाकणाच्या गोल, पारदर्शक बशांमध्ये ओतायची. थिजली की तिच्यावर जंतू वाढवायला संशोधक मोकळे. पुस्तकात त्या बशीला पेट्री डिश म्हणतात. त्या इमारतीत कुणीच म्हणत नसे.

ओतण्याच्या आधी एक नाजूक काम असे, अँटिबायोटिक घालण्याचं. चंबू फार गरम असताना घातलं तर औषध मरतं. फार निवल्यावर घालावं तर खाद्य चंबूतच थिजायला लागतं. पन्नास अंशाचा तो मधला क्षण पकडायचा. खोलीत थर्मामीटर होता, खोक्यात, जवळजवळ नवाकोरा. काका चंबूला उघडा तळहात लावून मनात पाच मोजत. पाचापर्यंत हात काढावासा वाटला नाही की औषध घालायचं. नवीन मुलं सुरुवातीला थर्मामीटर बुडवून काकांची परीक्षा घेत. कधी एकोणपन्नास निघे, कधी एक्कावन्न. मग तीही खोकं बंद करून टाकत.

त्या शुक्रवारी सकाळी जिन्यावरून धडाधडा पावलं वाजली.

"काका! गेलं! आत गेलं!"

ती सेकंद होती. पीएचडीच्या चौथ्या वर्षाची मुलगी. स्टॉपवॉच गळ्यात घालून फिरायची आणि प्रयोग करताना सेकंद मोठ्यांदा मोजायची, म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव. आठ महिने ती एक भलंमोठं जनुक जंतूंच्या पेशीत घालायचा प्रयत्न करत होती आणि आठ महिने ते जात नव्हतं. सोमवारी समितीपुढे काम दाखवायचं होतं. तिथेही दाखवायला काही नसतं तर तिला मुदतवाढ मिळणार नव्हती. मग चार वर्षं पाण्यात.

तिने बशी काकांच्या नाकासमोर धरली. बशीभर पांढरे ठिपके होते. शेकडो.

"मोजताच येत नाहीयेत! मॅडम तर नाचायच्याच बाकी होत्या. समितीला लगेच मेलसुद्धा केला त्यांनी. काका, तुमच्या हाताला पाय लागो... अहो, उलटं बोलले, तुमच्या पाया पडते!"

"हाताला पाय लावू नकोस बाई," काका म्हणाले. ती हसत वर पळाली.

काका हसले नाहीत. त्यांनी बशी नीट पाहिली होती. एकतीस वर्षांत त्यांनी असल्या हजारो बशा पाहिल्या होत्या. अवघड, लांबलचक जनुक असलं की ठिपके दहा येतात, पंधरा येतात. ज्या दिवशी दोन डझन आले त्या दिवशी लोकांनी पेढ्यांसारखे ते मोजून सांगितले होते. शेकडो कधीच नाही. आणि हे ठिपके बारीक होते, मरगळलेले, अर्धपोटी वाढल्यासारखे.

त्यांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला. करंगळीच्या खाली तळहातावर फोड होता.

तो फोड बुधवारी संध्याकाळी काकूंनी पाहिला होता. "अहो, हे काय? कुठे भाजलं?" काका म्हणाले होते, "कुठे काय, घासलं असेल." फोड एवढा मोठा होता आणि त्यांना तो दिसेपर्यंत माहीतच नव्हता.

बुधवारीच त्यांनी सेकंदच्या बशा ओतल्या होत्या.

चंबू नुकताच ऑटोक्लेव्हमधून निघाला होता. तळहात लावला, पाच मोजले, कोमट लागलं, औषध घातलं. ओतल्यावर झाकणांच्या आतून पाण्याचे थेंब धरले, तेव्हा काकांनी हवेला दोष दिला होता. आता त्यांना आठवलं की थेंब धरतात ते खाद्य फार गरम ओतलं तर.

साखरेचा आजार त्यांना बारा वर्षांपासून होता. दोन वर्षांपूर्वी पायाच्या बोटांतून मुंग्या यायला लागल्या. गेल्या वर्षी चप्पल रस्त्यात निसटली आणि ते पुढे बरंच अंतर एकाच पायात चप्पल घालून गेले. हातांचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शर्टाची बटणं काकू लावत. विचारलं की म्हणत, "लाड करून घेतो." त्यांच्या आईचे हातही असेच फोडांनी भरलेले असत. गरम पातेलं नुसत्या हाताने उचलायची म्हणून सगळे तिचं कौतुक करायचे. आज काकांना त्या कौतुकाची भीती वाटली.

निवृत्तीला अकरा महिने होते. हात गेला हे कळलं तर मीडिया रूम जाणार आणि कुठेतरी स्टोअरमध्ये खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायला बसवणार. न सांगावं तर सोमवारी ती पोर बशीभर खोटे ठिपके घेऊन समितीपुढे उभी राहणार. मग कधीतरी आतलं जनुक तपासायला घेतलं की काहीच सापडणार नाही, आणि सगळे म्हणणार, हिने थाप मारली.

पण खरंच बिघडलं होतं का? तेही नक्की नव्हतं. कदाचित शेकडो आलेही असतील. कदाचित फोड दुसरीकडे कुठे आला असेल.

हे तपासायला एक जुना उपाय होता. ज्या जंतूंत काहीच घातलेलं नाही असे साधे जंतू त्याच औषधाच्या बशीवर पसरायचे. औषध जिवंत असेल तर सगळे मरतात आणि बशी स्वच्छ राहते. त्या बशीला इथे साक्षीदार म्हणत. पूर्वी काका प्रत्येक घाण्यामागे, म्हणजे एका चंबूतून ओतलेल्या बशांमागे, एक साक्षीदार लावत. मग कधीतरी लोकच म्हणायला लागले, काकांच्या बशीला साक्षीदार कशाला? आणि तो बंद झाला. सेकंदनेही लावला नव्हता. मात्र घाण्यातल्या शेवटच्या दोन बशा फ्रिजमध्ये ठेवायची सवय काकांनी सोडली नव्हती.

ते वर गेले. सेकंद बशीचे फोटो काढत होती.

"तुझे साधे जंतू दे थोडे."

"कशाला?"

"बशी तपासतो एक."

"तुमची? अहो काका, तुमच्या बशीवर संशय घेतला तर मला इथून हाकलून देतील!" तिने हसत हसत नळी दिली. "का हो, काही झालं का?"

हीच वेळ होती. काकांच्या तोंडापर्यंत आलं. "जुनी सवय," ते म्हणाले आणि जिना उतरले. प्रत्येक पायरीवर पाऊल नीट पडलंय का ते डोळ्यांनी बघत.

साधे जंतू बशीवर पसरून त्यांनी ती इन्क्युबेटरमध्ये उपडी ठेवली. सदतीस अंश, अंगाच्या उबेइतकं. सकाळपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं.

घरी जेवताना काका नुसताच भात चिवडत होते. काकूंनी दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "काय झालंय?"

"एका मुलीचा प्रयोग आहे."

"मग तुम्ही का सुकलाय? तो प्रयोग तरी काय आहे, कळू दे."

काका सांगायला लागले. सांगताना जरा बरं वाटलं. "प्रत्येक पेशीत एक लांब धागा असतो. त्याच्यावर लिहिलेलं असतं, काय बनवायचं, कसं बनवायचं. एकेका मजकुराला जनुक म्हणतात. जंतूंमध्ये त्या मोठ्या धाग्याशिवाय एखादी छोटी गोल अंगठीसुद्धा असते. ही पोर त्या अंगठीत आपल्याला हवं ते जनुक जोडते. मग जंतूंना बर्फात ठेवायचं, एकदम बेचाळीस अंशांवर पंचेचाळीस सेकंद, परत बर्फात. त्या झटक्यात काही जंतू अंगठी आत घेतात."

"काहीच? सगळे का नाही?"

"लाखांत एखादा घेतो. म्हणून तर औषध. त्या अंगठीतच औषध पचवायचं जनुकही असतं. बशीत औषध घातलं की अंगठीवाला जगतो, बाकीचे मरतात. जगला तो आपला."

काकूंनी पाणी ओतलं. "म्हणजे पास असेल त्यालाच आत सोडायचं. आणि तुम्ही दारावरचे शिपाई."

"तसंच."

"मग शिपायाला डुलकी लागली तर?"

काकांनी हात ताटात तसाच धरून ठेवला. काकूंची नजर त्या फोडावर गेली. त्यांनी काकांचा तळहात आपल्या हातात घेतला आणि फोडाच्या कडेला नख रुतवलं, जरा जोरातच.

"दुखतं?"

"नाही."

"कधीपासून?"

काकांनी हात सोडवून परत ताटात घातला. काकूंचे डोळे भरले, पण त्या म्हणाल्या, "एक वर्ष मी तुमची बटणं लावतेय. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम आलंय!"

शनिवारी सकाळी काका सगळ्यांच्या आधी पोचले. इन्क्युबेटरचं दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. बशी काढली, उजेडाकडे धरली.

शेकडो ठिपके. बारीक, मरगळलेले. अगदी सेकंदच्या बशीसारखे.

साधे जंतू होते ते, अंगठी नसलेले. त्यांनी मरायला हवं होतं. औषध अर्धमेलं होतं.

ती बशी टाकून द्यायला दहा सेकंद पुरले असते. काकांनी खरंच मोजले. मग ते वर गेले आणि सेकंदच्या टेबलावर तिच्या बशीशेजारी आपली बशी ठेवून तिची वाट बघत बसले.

ती आली. तिने दोन्ही बशा पाहिल्या. तिला वेळ लागला नाही.

"ही कुठली?"

"साक्षीदार. तुझ्याच घाण्यातली. औषध मी गरम खाद्यात घातलं. हाताला कळलंच नाही." काकांनी तळहात पुढे केला. "वर्षभर कळत नाहीये. मी कुणाला बोललो नाही."

सेकंद बसली. गळ्यातलं स्टॉपवॉच तिने काढून टेबलावर ठेवलं. "काका, मी आईला फोन केलाय काल. घरी सगळ्यांना सांगितलंय."

"माहितेय."

"तुम्ही काल का नाही बोललात? जंतू मागायला आलात तेव्हा?"

"घाबरलो."

तिने साक्षीदार उचलून पुन्हा उजेडाकडे धरला. मग नाक पुसून म्हणाली, "साक्षीदार मीच लावायला हवा होता. पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवते तो."

दोघं मिळून मॅडमकडे गेले. मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सगळं ऐकून घेतलं.

"थर्मामीटर कुठे आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खोक्यात."

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे तुमच्या तळहातावर शास्त्र करत होतो." मॅडमनी चष्मा काढला. "यात चूक तुमची एकट्याची नाही. पण काका, वर्षभरात ओतलेल्या औषधाच्या प्रत्येक घाण्याची यादी मला हवी. ज्यांनी ज्यांनी त्या बशा वापरल्या त्यांना मी कळवणार, आणि कारणही सांगणार. समितीला केलेला मेल मी मागे घेते. तुम्ही सोमवारी डॉक्टरकडे जायचं. त्यानंतर ओतायला तुम्ही राहायचं की नाही, ते ठरवू."

"आणि आज?" सेकंदने विचारलं. "आज ओतलं आणि दुपारी लावलं तर उद्या सकाळी कळेल."

मॅडमनी काकांकडे पाहिलं. "थर्मामीटर लावून," त्या म्हणाल्या.

दुपारी काकांनी खोकं उघडलं. थर्मामीटर चंबूत सोडला. ब्याऐंशी. काकांनी सवयीने तळहात चंबूकडे नेला. सेकंदने तो मनगटाला धरून बाजूला केला. सत्तर. एकसष्ट. पारा उतरता उतरत नव्हता. इतका वेळ लागतो हे काकांना आठवतच नव्हतं. पन्नासला त्यांनी औषध घातलं आणि एक थेंब सांडू न देता ओतलं. झाकणांना पाणी धरलं नाही.

वर जाऊन सेकंदने जंतूंना बर्फातून काढलं आणि पंचेचाळीस सेकंद मोजले, नेहमीसारखेच मोठ्यांदा. या वेळी तिच्या बशीसोबत एक साक्षीदारही लागला.

रविवारी इमारतीत चिटपाखरू नव्हतं. काका आधी आले. पेन घेऊन त्यांनी बारा महिन्यांच्या घाण्यांची यादी करायला घेतली होती. सहा पानं झाली होती, अजून संपत नव्हती. मध्येच उठून त्यांनी इन्क्युबेटरमधून फक्त साक्षीदार काढला. स्वच्छ. काचेसारखा. त्यांनी तो तीनदा उजेडाकडे धरला. दुसरी बशी तशीच उपडी राहू दिली.

सेकंद आली ती धापा टाकतच. "बघितलंत?"

"साक्षीदार बघितला. साफ आहे."

"आणि माझी?"

"तुझी तू बघ."

तिने बशी काढली. एवढ्या मोठ्या बशीत ठिपके शोधावे लागत होते. काकांना तिच्या खांद्यावरून काही दिसेना, आणि पुढे व्हायची त्यांची हिंमत होईना. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. कड हाताला लागत नव्हती, म्हणून आणखी घट्ट धरली.

तिने मार्करने बशीच्या पाठीवर खूण केली. "एक," ती म्हणाली. "दोन." मग बशी जराशी फिरवली. "तीन. हा केवढा मोठा आहे बघा, गुबगुबीत. चार." काका तिच्याबरोबर मनात मोजत होते. "पाच."

पाचाला थांबायची काकांच्या हाताला सवय होती.

"सहा," सेकंद म्हणाली.